शिवराई आणि पोलंडची नोट

जुनीं नाणीं व नोटा जमविण्याचा छंद उत्तम खरा. परंतु संग्रहाचें मोल बाजारभावावरून करूं नये, असें आम्हांस वाटतें. पोलंडमध्यें १७९४ सालीं कोश्चुश्कोच्या स्वातंत्र्ययुद्धांत तेथील पहिल्या कागदी नोटा निघाल्या. उठाव चिरडला गेला व त्या नोटा कवडीमोल झाल्या. आज संग्राहक त्या जपतात, त्या एका राष्ट्राची आशा त्यांवर उमटली आहे म्हणून.

आमच्या पाचाडास १६७४ सालाची आठवण आहे. ६ जून रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि थोड्याच दिवसांत मातुश्री जिजाबाईंनीं येथें देह ठेविला. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ हीं अक्षरें मिरविणारी तांब्याची शिवराई त्याच राज्याची खूण होय. पेशवाई १८१८ त बुडाली, तरी शिवराई पुढेंही बाजारांत चालत राहिली.

अशी शिवराई मातींत सांपडल्यास ती चिंचेनें घांसून लखलखीत करणें किंवा चार पैशांस विकणें म्हणजे इतिहासाचें पान फाडणें होय. जागा व दिवस लिहून ठेवून तहसीलदारास कळवावें. पालकांनींही मुलांस ‘किती मिळाले?’ असें न विचारतां ‘कोठें सांपडली?’ असें विचारावें. विद्यार्थिमित्रहो, ठिकाण हरवलेलें नाणें म्हणजे केवळ तांब्याचा तुकडा!