सेवेसाठी परदेशी जाताना

उन्हाळी सुट्टीत परदेशी जाऊन सहा-आठ आठवडे स्वयंसेवा करावी, ही कल्पना आता मुंबई-पुण्यातील सधन घरांपुरती उरलेली नाही. मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींच्या वाटेने ती वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांपर्यंतही येऊन पोहोचली आहे. नेपाळमधील बालगृह, केनियातील शाळा, व्हिएतनाममधील इंग्रजीचे वर्ग, अशी ठिकाणांची यादी पुढे येते आणि तरुण मन हरखून जाते. मग तयारी सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, विमा, लसी, विमानाचे तिकीट आणि मध्यस्थ संस्थेचे शुल्क, एवढ्या गोष्टी जमविता जमविता परीक्षा संपते आणि निघण्याचा दिवस येतो. या साऱ्या धावपळीत एक प्रश्न मात्र बहुधा विचारायचाच राहून जातो. ज्यांची सेवा करायची, त्यांना ती हवी आहे काय?

अशा विद्यार्थ्याविषयी समाजात दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली कौतुकाची. मुलगा किंवा मुलगी जग पाहून येईल, प्रमाणपत्र मिळेल, पुढील प्रवेशासाठी त्याचा उपयोग होईल, असा हिशेब त्या कौतुकामागे असतो. दुसरी प्रतिक्रिया कुत्सित असते. वर्ध्यात काय कामे कमी आहेत, आधी आपले गाव बघ, असे ऐकवले जाते. यातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे होरपळलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. कापूस पिकविणाऱ्याचे दुःख त्यानंतरही सरलेले नाही. परंतु 'आधी घरचे' हा युक्तिवाद करणारे लोक स्वतः घरचे काम करताना क्वचितच दिसतात. दुसऱ्याची उमेद खच्ची करणे एवढाच त्याचा उपयोग होतो. शिवाय हा युक्तिवाद तत्त्वतःही टिकणारा नाही.

१९३८ साली भारत स्वतः पारतंत्र्यात होता. त्याच्या दारिद्र्याला आणि रोगराईला सीमा नव्हती. तरीही जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठविले. पाच डॉक्टरांच्या या पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते. डॉ. बसू व डॉ. मुखर्जी बंगालचे, डॉ. चोळकर वर्ध्याच्या शेजारच्या नागपूरचे, आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. वैद्यकीय पदवी घेतलेले कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते आणि पुढील शिक्षणाची तयारी करीत होते. सोलापुरात रुग्ण नव्हते म्हणून ते चीनला गेले नाहीत. एका पीडित जनतेचा लढा ही दुसऱ्या पीडित जनतेचीही बाब आहे, या जाणिवेने ते पथक गेले. समाजवादी चळवळीनेही हीच जाणीव जोपासली. १९६४ साली राममनोहर लोहिया अमेरिकेतील जॅक्सन शहरात काळ्यांना बंदी असलेल्या उपाहारगृहात शिरू पाहताना अटक झाले, त्यामागेही तीच भूमिका होती. तेव्हा परदेशी जाणे हा दोष नव्हे. अंतर किती, यावरून सेवेची पारख होत नाही.

पारख कशावरून होते, हेही त्या पथकाच्याच इतिहासातून कळते. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. म्हणजे हे डॉक्टर बोलावल्यावरून गेले. त्यांना वैद्यक येत होते आणि चीनच्या आघाडीला नेमकी डॉक्टरांचीच निकड होती. त्यांच्या प्रवासासाठी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि जनतेच्या वर्गणीतून निधी उभा राहिला. त्यामुळे ते जनतेला उत्तरदायी होते. तेथे गेल्यावर कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली, चिनी सेनेच्या शिस्तीत काम केले, चिनी तरुणांना शिकविले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. प्रत्येक विद्यार्थ्याने कोटणीस व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण निघण्यापूर्वी तीन प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारलेच पाहिजेत. मला बोलावले कोणी? मला येते काय? आणि माझ्या हातून चुकले तर मी उत्तर कोणाला देणार?

वर्ध्याच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. सेवा करणाऱ्यांच्या गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. ज्यांची सेवा झाली त्या गावांचा अनुभव मात्र थोड्याच ठिकाणी सापडतो, आणि वर्धा जिल्हा त्यांपैकी एक आहे. १९३० नंतरच्या दशकात देशोदेशींची माणसे येथे सेवेसाठी आली. इंग्लंडमधील नौदल अधिकाऱ्याची कन्या मॅडलिन स्लेड हिने गांधीजींकडे येण्यासाठी बोटीत जागा राखून ठेवली होती. परंतु आपली तयारी झालेली नाही हे ध्यानी येताच तिने प्रवास वर्षभर पुढे ढकलला. त्या वर्षात ती सूत कातायला शिकली, जमिनीवर बसण्या-झोपण्याची सवय केली, मांसाहार सोडला, उर्दूचे धडे घेतले, स्वित्झर्लंडमध्ये शेतकऱ्यांबरोबर शेतात राबली. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती भारतात आली आणि मीराबेन झाली. पुढे १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींच्या आधी जाऊन राहिली ती हीच. सहा आठवड्यांच्या सेवेसाठी वर्षभराची तयारी कोणी मागणार नाही. परंतु तयारी या शब्दाचा अर्थ तिकिटापेक्षा मोठा आहे, एवढे तरी यातून कळावे.

एवढी तयारी करूनही यश पदरात पडतेच असे नाही. १९३५ साली मगनवाडीतील मंडळी शेजारच्या सिंदी गावात रोज सकाळी रस्त्यावरची घाण उचलायला जात. महिने लोटले, तरी गावाची सवय सुटेना. मीराबेन आणि महादेवभाई देसाई यांच्यासारखी माणसे झाडू हातात घेऊन उभी असताना गावकरी स्वस्थपणे पाहत राहत. ज्या कामाचा निर्णय गावाने घेतलेला नाही, त्या कामात गाव बघ्याची भूमिका घेते, हा त्यातला धडा. याच जिल्ह्यात आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने २०१७ साली जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. त्या स्पर्धेची रीत अशी होती की गावाने स्वतः सहभाग ठरवायचा, गावातील माणसांनी आधी प्रशिक्षण घ्यायचे आणि मग एप्रिल-मेच्या उन्हात श्रमदानाला उतरायचे. बाहेरून आलेला स्वयंसेवक तेथे गावाने आखलेल्या चरावर गावाच्या सांगण्यावरून कुदळ मारत असे. सिंदी आणि काकडदरा यांतील हा फरक ज्याला उमगला, त्याला परदेशात कसे वागावे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

न उमगल्यास काय होते, याचे उदाहरण शेजारच्या नेपाळमध्ये आहे. तेथील बालगृहांतील बहुसंख्य मुले अनाथ नसून त्यांचे आई किंवा वडील हयात असतात, हे वारंवार उघड झाले आहे. परदेशी स्वयंसेवक पैसे देऊन येतात, म्हणून मुले लागतात. मुले लागतात, म्हणून दलाल डोंगराळ खेड्यांतील गरीब आईबापांना शिक्षणाचे आमिष दाखवून ती घेऊन येतात. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफला याबाबत जाहीर इशारा द्यावा लागला. तेथे प्रेमाने मुलांना खेळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हेतूत खोट नसते, परंतु त्याने भरलेले शुल्कच मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या व्यापाराला पोसते. बाजाराने दयेचाही माल केला की असे घडते.

वैद्यकीय विद्यार्थ्याने तर अधिकच सावध राहिले पाहिजे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जे काम वरिष्ठांच्या देखरेखीवाचून त्याच्या हाती दिले जाणार नाही, ते काम त्याने नैरोबीच्या झोपडवस्तीतही करता कामा नये. गरिबाचे शरीर ही कोणाचीही प्रयोगशाळा नव्हे, मग तो गरीब सेलूचा असो की केनियाचा. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्याला आधी आश्रमात शिबिरासाठी राहावे लागते आणि त्याच्या तुकडीने एक खेडे दत्तक घ्यायचे असते. वैद्यक शिकण्याआधी गाव शिकावे, हा त्यामागील विचार परदेशी जाणाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

आता पैशाचा प्रश्न. शुल्क आणि विमानभाडे स्वतः भरायचे असेल, तर सेवा करण्याचा मान केवळ ऐपतदाराला मिळणार हे उघड आहे. देवळीच्या शेतमजुराची मुलगी, जिला तहान, कर्ज आणि रुग्णालयातील रांग ठाऊक आहे, ती या निवडीत कधीच येणार नाही. जिला परक्या देशातील गरिबाची भाषा सर्वांत लवकर कळली असती, तीच नेमकी वगळली जाते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. परदेशी पाठवायचेच असेल, तर विद्यापीठांनी अशा कसोटीस उतरलेल्यांतून निवड करावी, यजमान गावाचे किंवा संघटनेचे लेखी बोलावणे पाहावे आणि खर्च सार्वजनिक निधीतून करावा. त्याच निधीतून केनियाचा वा नेपाळचा विद्यार्थीही वर्ध्याला यावा. एकाने कायम द्यायचे आणि दुसऱ्याने कायम घ्यायचे, हे नाते बंधुत्वाचे नसते.

राहिला प्रश्न सहा आठवड्यांचा. एवढ्या अवधीत कोणत्याही समाजाची सेवा होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. जे होते ते शिक्षण. स्विस अभियंता पिअर सेरेसोल यांनी १९२० साली पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दनजवळच्या खेड्यात श्रमशिबिर भरविले आणि १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्ये येऊन राबले. त्यांच्या परंपरेत स्वयंसेवक स्थानिकांच्या हाताखाली अंगमेहनत करतो, आपले म्हणणे लादत नाही. अल्पकाळ जाणाऱ्या विद्यार्थ्याने एवढेच पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. तेथून तो जे शिकून येईल ते ऋण आहे आणि ते फेडण्याची जागा त्याचा स्वतःचा जिल्हा आहे.

या कामी कार्यकर्त्यांवरही जबाबदारी येते. असा विद्यार्थी भेटला तर त्याची थट्टा करू नये. त्याच्याबरोबर बसून त्या संस्थेचे कागद तपासावेत, शुल्कातील किती पैसा यजमान गावाला पोहोचतो ते विचारायला लावावे, जाण्यापूर्वी महिनाभर त्याला खेड्यात कामाला न्यावे. परत आल्यावर त्याला सत्काराचा हार घालण्याऐवजी शेतमजुरांच्या सभेत उभे करावे आणि तेथील मजुरीचा दर काय, जमीन कोणाची, दवाखाना किती कोसांवर, हे सांगायला लावावे. ज्याला याची उत्तरे देता येतील, त्याचा उन्हाळा कारणी लागला असे समजावे.