पारख कीं भाकीत?

'मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात' ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, तिच्या सत्यतेविषयीं शंका घेणें हेंच कित्येकांस धाडसाचें वाटेल. आज जो मोठा झाला आहे त्याच्या बालपणींच्या दोनचार गोष्टी आठवून आपण म्हणतों, "पाहा, तेव्हांच दिसत होतें!" परंतु ज्या शेंकडों पाळण्यांकडे पाहून असेंच म्हटलें गेलें आणि पुढें कांहींच निष्पन्न झालें नाहीं, त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. या म्हणीची कसोटी पाहण्यास रग्बी खेळाच्या वीस वर्षांखालील तरुणांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेइतकें सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल. त्या स्पर्धेच्या रसिकांमध्यें तरुण खेळाडूंचे गुणदोष पारखण्याचा जो विलक्षण उत्साह दिसून येतो, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रग्बी हा खेळ आपल्या इकडे क्रिकेट किंवा कबड्डीइतका परिचित नाहीं. तरी तो अगदींच परका नव्हे. कलकत्त्याचा एक फुटबॉल क्लब १८७८ च्या सुमारास मोडला, तेव्हां त्याच्या शिलकेंतील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यांत आला, आणि त्याच 'कलकत्ता कप'साठीं इंग्लंड व स्कॉटलंड हे देश १८७९ पासून खेळत आले आहेत. खेळाचें मुख्य स्वरूप असें: पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ, लंबगोल चेंडू आणि ऐंशीं मिनिटांचा सामना. चेंडू हातांत घेऊन धांवावें किंवा लाथेनें उडवावा; हातानें मात्र तो पुढें फेंकतां येत नाहीं. प्रतिपक्ष्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला कीं 'ट्राय' होऊन पांच गुण मिळतात. चेंडू घेऊन धांवणाऱ्यास पकडून खालीं पाडणें याला 'टॅकल' म्हणतात.

तरुणांची ही स्पर्धा २००८ सालीं वेल्समध्यें प्रथम भरली. २०२० ते २०२२ हीं महामारीचीं तीन वर्षें सोडल्यास ती प्रतिवर्षीं भरत आली आहे. वयाचा नियम कडक असतो. उदाहरणार्थ, २०२४ च्या स्पर्धेस १ जानेवारी २००४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडूच पात्र होते. सुमारें तीन आठवड्यांच्या अवधींत प्रत्येक संघ पांच सामने खेळतो. या सामन्यांस येणारा प्रेक्षक केवळ जयापजय पाहण्यास येत नाहीं. उद्यांचा थोर खेळाडू आज ओळखावा, आणि पुढें अभिमानानें म्हणावें कीं, 'हा मुलगा आम्हीं सर्वांच्या आधीं हेरला होता', ही त्याची खरी हौस असते. सामना संपण्यापूर्वींच कोणाच्या गळ्यांत भावी कर्णधारपदाची माळ पडते, तर कोणाविषयीं 'हा मोठ्या संघांत टिकावयाचा नाहीं' असा निकाल लागतो. ही हौस निर्दोष आहे काय, असा आमचा प्रश्न आहे.

प्रथम संघांचाच विचार करूं. न्यूझीलंडनें २००८ ते २०११ या पहिल्या चारही स्पर्धा जिंकल्या, आणि त्या देशाच्या मुख्य संघानें २०११ व २०१५ चे विश्वचषक मिळविले. एवढ्यावरून म्हण खरी ठरली असें कोणास वाटेल. परंतु पुढचा इतिहास पाहावा. इंग्लंडचा तरुण संघ २०१३ पासून २०१८ पर्यंत ओळीनें सहा वेळां अंतिम सामन्यांत पोंचला आणि त्यांपैकीं तीन वेळां अजिंक्य ठरला. फ्रान्सनें २०१८, २०१९ व २०२३ अशा लागोपाठच्या तीन स्पर्धा जिंकल्या. दक्षिण आफ्रिकेच्या तरुण संघास मात्र २०१२ नंतर थेट २०२५ पर्यंत विजेतेपद लाभलें नाहीं. असें असतां २०१९ व २०२३ चे दोन्ही विश्वचषक कोणीं नेले? दक्षिण आफ्रिकेनेंच! २०१९ च्या अंतिम सामन्यांत इंग्लंड ३२-१२ असें हरलें. २०२३ सालीं फ्रान्स उपांत्यपूर्व फेरींत २९-२८ असें व इंग्लंड उपांत्य फेरींत १६-१५ असें, दोघेही त्याच संघाकडून एकेका गुणानें पराभूत झाले. तरुणांचें यश हें पुढील यशाचें साहाय्यक खरें, पण हमीपत्र नव्हे.

व्यक्तींच्या बाबतींत तर हें अधिकच स्पष्ट होतें. २००८ सालीं जगांतील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान न्यूझीलंडच्या ल्यूक ब्रेड यास मिळाला. पुढें तो ऑकलंडच्या ब्लूज संघाकडून व नंतर फ्रान्समध्यें बोर्दो येथें मानानें खेळला. परंतु आपल्या देशाच्या मुख्य संघाचा काळा पोशाख त्याच्या अंगावर कधीं चढला नाहीं. त्याच विजयी संघांत सॅम व्हाइटलॉक नांवाचा एक उंच तरुण होता. तो देशासाठीं १५३ सामने खेळला आणि त्या देशांतील सर्वांचा उच्चांक त्यानें मोडला. २०१६ सालीं मँचेस्टर येथील स्पर्धेंत फ्रान्सचा संघ नवव्या क्रमांकावर घसरला. त्या संघाच्या पराभवामुळें ज्यांनीं त्यांतील सर्वच मुलांवर फुली मारली असेल, त्यांनीं आंत्वान ड्युपाँवरही फुली मारली असली पाहिजे. आणि तोच ड्युपाँ २०२१ सालीं जगांतील सर्वश्रेष्ठ रग्बीपटू ठरला.

याहूनही बोलकें उदाहरण मकाझोले मापिम्पी याचें आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतांतील एका खेड्यांत तो वाढला. त्या देशांतील बहुतेक नामांकित रग्बीपटू ज्या प्रख्यात शाळांतून येतात, त्यांपैकीं एकीचीही पायरी त्यानें चढली नव्हती, आणि देशाच्या वीस वर्षांखालील संघांतही तो कधीं नव्हता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, २०१८ सालीं, तो प्रथम देशासाठीं खेळला. पुढल्याच वर्षीं योकोहामा येथील अंतिम सामन्यांत त्यानें ट्राय केला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूनें केलेला तो पहिलाच ट्राय होय. ज्याचा पाळणाच कोणीं पाहिला नाहीं, त्याचे पाय कोणास दिसणार?

पाहणाऱ्यांचा डोळा असा कां चुकतो? आमच्या मतें याचीं कारणें अगदीं साधीं आहेत. पहिलें कारण शरीराचें. कांहीं मुलें सोळाव्या-सतराव्या वर्षींच पुरुषासारखीं भरतात, तर कांहींची वाढ विसाव्या वर्षानंतरही चालू राहते. लवकर वाढलेला मुलगा समवयस्कांस धक्के देत पुढें जातो व प्रेक्षक टाळ्या वाजवितात. परंतु तो त्याचा गुण नसून कांहीं अंशीं पंचांगाची कृपा असते. पुढें सर्वांचीं शरीरें सारखीं झालीं कीं ही कृपा सरते. उलट लहान चणीच्या मुलास प्रारंभापासून चपळाई, नजर व युक्ति यांवरच निर्वाह करावा लागतो, आणि तें शिक्षण त्यास जन्मभर पुरतें. न्यूझीलंडमध्यें शाळकरी मुलांच्या कित्येक स्पर्धा वजनाप्रमाणें गट पाडून खेळविल्या जातात, ती योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

दुसरें कारण खेळांतील स्थानाचें. सर्व स्थानें एकाच वयांत पक्व होत नाहींत. कडेनें धांवणाऱ्या गड्याचा वेग विसाव्या वर्षींही पूर्ण असूं शकतो; पण 'स्क्रम'मध्यें, म्हणजे आठ-आठ गडी परस्परांस भिडून रेटतात त्या झुंजीमध्यें, पुढल्या रांगेंत उभ्या राहणाऱ्या 'प्रॉप'ची कला अनुभवानें येते आणि बहुधा पंचविशीनंतर फळास येते. विशीच्या आंतील प्रॉप मागें रेटला गेला म्हणून त्यास कुचकामी ठरविणें म्हणजे आंब्याच्या झाडास दुसऱ्याच वर्षीं मोहोर कां नाहीं म्हणून तोडणें होय.

तिसरें कारण परिस्थितीचें. पांच सामन्यांचा पुरावा तो केवढा? त्यांत एखादा दुखापतीमुळें बुडतो, एखादा दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशीं असतो. २०२४ सालीं केप टाउनच्या परिसरांत मुसळधार पावसानें मैदानांचा चिखल झाला व वेळापत्रकांतही फेरबदल करावे लागले. निसरड्या चेंडूशीं झगडणाऱ्या मुलाच्या हातांची पारख अशा दिवशीं कशी व्हावी?

येथें कोणी म्हणेल कीं, 'पारख ही खेळाच्या रसिकतेचा प्राण आहे. ती सोडली तर पाहण्यांत गोडी ती कोणती राहिली? शिवाय निवड करणारांस तरी पारख करावीच लागते.' हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि पारख सोडावी असें आमचें म्हणणेंही नाहीं. ती अचूकही ठरूं शकते. २०१४ सालीं सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरलेला दक्षिण आफ्रिकेचा हँड्रे पोलार्ड पुढें दोन विश्वचषकांचा मानकरी झाला, आणि त्याच वर्षीं त्याच्या संघास अंतिम सामन्यांत २१-२० असें हरविणाऱ्या इंग्लंडच्या तरुणांचा कर्णधार मारो इटोजे हा २०२५ सालीं ब्रिटिश व आयरिश लायन्स संघाचा कर्णधार झाला. पण पोलार्डचाही मार्ग सरळ होता काय? २०२३ च्या विश्वचषकासाठीं प्रथम निवडलेल्या संघांत दुखापतीमुळें त्याचें नांव नव्हतें. दुसरा गडी जखमी झाला म्हणून मागाहून त्यास बोलावणें आलें, आणि अंतिम सामन्यांत आपल्या संघाचे सर्वच्या सर्व बारा गुण त्यानें मिळविले. निकाल १२-११ असा लागला. तात्पर्य, अचूक पारख झाली त्याच्याही वाट्यास नऊ वर्षांची वाटचाल आलीच.

आमचा विरोध पारखेस नसून भाकितास आहे. 'या मुलानें आज काय केलें' हें सांगणें ही पारख. 'या मुलाचें पुढें काय होणार' हें ठासून सांगणें हें भाकीत. पहिलीस डोळे लागतात, दुसऱ्यास केवळ जीभ पुरते. आणि ही जीभ निरुपद्रवी नाहीं. २०२३ च्या अंतिम सामन्यांत दूरचित्राच्या साहाय्यानें निर्णय देण्याच्या कामावर असलेले पंच टॉम फोली यांच्यावर व त्यांच्या कुटुंबावर शिव्यांचा व धमक्यांचा इतका वर्षाव झाला कीं, त्यांनीं आंतरराष्ट्रीय सामन्यांचें काम सोडून दिलें. मुरलेल्या प्रौढ मनुष्याची ही कथा, मग एकोणीस वर्षांच्या मुलाची काय गति होत असेल? निंदेप्रमाणें अवास्तव स्तुतीही घातक आहे. ज्यास एका सामन्यानंतर 'दुसरा अमुक' म्हणून मखरांत बसविलें, त्याच्या पुढील प्रत्येक साध्या चुकीची गणना अपराधांत होऊं लागते. मखर मागितलें नव्हतें तरी त्यांतून पडण्याची लाज त्याचीच.

मग डोळस प्रेक्षकानें काय पाहावें? तीस गडी आणि चेंडू एकच. अर्थात् सामन्याचा बहुतेक काळ प्रत्येक गडी चेंडूविनाच असतो. म्हणून चेंडू हातांत नसतांना मुलगा काय करतो तें आधीं पाहावें. टॅकल केल्यावर तो किती लवकर उठतो, सोबत्याच्या मागें आधारास धांवतो कीं हात कमरेवर ठेवून उभा राहतो, यावरून त्याचें शिक्षण कळतें. त्यानंतर त्याचे निर्णय पाहावे: समोर दोघे असतां व बाजूस मोकळा सोबती असतां त्यानें चेंडू दिला, कीं टाळ्यांच्या लोभानें स्वतःजवळच ठेवला? शेवटीं, आणि हें आम्ही सर्वांत महत्त्वाचें मानतों, चूक झाल्यानंतरचीं पांच मिनिटें पाहावीं. चेंडू निसटल्यावर जो पुढल्या वेळीं पुन्हां चेंडू मागतो त्याच्यांत कांहीं तरी आहे. जो लपतो त्यास रागावण्यापेक्षां धीर देणाऱ्याची गरज आहे. या गोष्टींची नोंद दिनांक, प्रतिपक्ष व मैदानाची स्थिति यांसह करावी, आणि पुढल्या वर्षीं ती बदलण्याची तयारी ठेवावी.

ज्या खेळास एका शाळेच्या नांवावरून नांव मिळालें, त्या खेळाकडून शाळेंतील मुलांनीं एवढें शिकावें अशी आमची इच्छा आहे. आपल्यापैकीं पुष्कळांस रग्बीचें मैदान पाहण्याचा योग येणार नाहीं. पण वर्गांतील सोबत्याविषयीं 'याच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं' किंवा 'हा तर जन्मतःच हुषार' असें म्हणण्याचा प्रसंग प्रत्येकास रोज येतो. त्या वेळीं जीभ आवरावी व डोळे उघडावे. मुलगा आज काय करतो तें नीट पाहून त्याचें माप त्याच्या पदरांत घालणें एवढाच आपला अधिकार. उद्यांचा सामना त्याचा त्यालाच खेळूं द्यावा.