चित्तशुद्धीची कसोटी महाद्वारापाशी

नामस्मरण, भजन, ध्यान हे शब्द कानी पडले की पुरोगामी कार्यकर्त्यांपैकी अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. धर्माला अफूची उपमा देऊन विषय तिथेच संपविला जातो. उलटपक्षी भाविकाला वाटते की, माळेचे मणी सरकले म्हणजे मनाचा मळ आपोआप सरतो. मूळ प्रश्न दोघेही टाळतात. नामाने चित्त शुद्ध होते काय, आणि झालेच तर ते ओळखावे कशावरून, हा तो प्रश्न होय.

परंपरेने याचे उत्तर मोघम ठेवलेले नाही. पतंजलीने प्रणवाचा जप सांगितला, पण त्याच्याशी अर्थाचे चिंतन जोडले. अष्टांगयोगात ध्यान हे सातवे अंग आहे. पहिले अंग यम. आणि यमांत अहिंसा व सत्य यांच्याबरोबर अस्तेय आणि अपरिग्रह येतात. म्हणजे दुसऱ्याचे न लुबाडणे आणि स्वतःपाशी न साठविणे ही आधीची अट, डोळे मिटून बसणे त्यानंतरचे. चित्त प्रसन्न करण्यासाठी सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा आणि सदाचरणी माणसाविषयी आनंद बाळगावा, असेही तो सांगतो. दुराचाऱ्याची उपेक्षा करावी, हा त्याचा चौथा उपाय लढाऊ कार्यकर्त्याला कदाचित रुचणार नाही. तथापि दुसऱ्या माणसावाचून या साधनेला विषयच उरत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वारकरी संतांनी ही साधना शास्त्रीपंडितांच्या ओसरीवरून शेताच्या बांधावर आणली. नामाला यज्ञाचा खर्च नाही, दक्षिणा नाही, सोवळे नाही. सावता माळी मळ्यात आणि जनाबाई जात्यावर ते घेऊ शकली. ज्यांच्यापाशी श्रमाखेरीज काही नव्हते, त्यांना परवडणारे हे एकच धर्मसाधन होते. अफूची उपमा देणाऱ्यांनी ही बाजू विचारात घ्यावयास हवी.

परंतु याच परंपरेच्या दाराशी तिच्याविरुद्धची साक्षही उभी आहे. चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून गेला. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या नामदेवांनी चोखोबाच्या म्हणून ओळखल्या, अशी कथा वारकरी श्रद्धेने सांगतात. म्हणजे त्याची शुद्धी हाडांपर्यंत पोचली होती, हे त्यांना मान्य आहे. तरीही त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर झाली, आणि त्यानंतर सुमारे सहाशे वर्षे त्याच्या जातिबांधवांना मंदिरात पाऊल टाकता आले नाही. आत टाळमृदंगाचा गजर अखंड चालू होता. त्या गजराने कोणाचे चित्त शुद्ध झाले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले. देवापुढे सारे समान, असे संतांनी सांगितले. माणूस माणसापुढे समान आहे, हा लढा त्यांनी दिला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पंढरपूरचे बंद दार पाहता हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे.

अखेर ते दार उघडले ते नामाचा त्याग करून नव्हे, तसे केवळ नाम घेऊनही नव्हे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बाहेरच्या कर्माला आतल्या चित्तशोधनाची जोड हवी, आणि या जोडीला विनोबा विकर्म म्हणत. मनावाचून केलेले कर्म कोरडे राहते, हा त्या विवेचनाचा गाभा. पंधरा वर्षांनी गुरुजींनी त्याचा प्रत्यय दिला. महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकमत जागे केले आणि १ ते १० मे १९४७ या काळात पंढरपुरात उपोषण केले. त्यांच्या प्राणपणामागे विठ्ठलावरची भक्ती होती, आणि त्या भक्तीला संघटित प्रचाराचे बळ होते. दहाव्या दिवशी उपोषण सुटले ते दार उघडण्याचा शब्द मिळाल्यावरच.

आज ध्यानाचा बाजार भरला आहे. कामाचे तास वाढवायचे, नोकरीची शाश्वती काढून घ्यायची आणि कर्मचाऱ्यांचा ताण हलका व्हावा म्हणून कचेरीतच ध्यानाचे वर्ग भरवायचे, अशी रीत रूढ होत आहे. अस्तेय आणि अपरिग्रह ही मालकाने पाळावयाची पहिली पायरी गाळून सातवी पायरी तेवढी नोकराच्या गळ्यात बांधली जाते. शोषण सुसह्य करणारी ही शांती म्हणजे चित्तशुद्धी नव्हे.

मात्र हे सांगणाऱ्यांनी स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. १९५५ च्या फुटीपासून समाजवादी चळवळ किती वेळा दुभंगली, याचा हिशेब कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. प्रत्येक वेळी ठराव धोरणाचे होते. ठरावांमागे मानापमान, ईर्ष्या आणि नेतृत्वाची हाव किती होती, हे कोणत्याही इतिवृत्तात नोंदलेले नाही. व्यवस्था बदलली की माणूस बदलेल, या भरवशावर मनाची मशागत पुढे ढकलण्यात आली, आणि पडीक जमिनीत तण माजावे तसा अहंकार माजला. कार्यकर्त्याने देव मानावा, असे याचे तात्पर्य नाही. नास्तिकालाही दिवसातून काही काळ गप्प बसून आपला द्वेष तपासता येतो. माळ ओढणाऱ्याने गावातल्या बंद दारांकडे पाहावे आणि दारावर धडक देणाऱ्याने आपल्या अंतःकरणाकडे. १९४७ साली पंढरपुरात ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली होती.