स्नॉर्केलिंगसाठी बेट निवडताना

स्नॉर्केलिंग करणारा पाण्यावर पालथा तरंगत असतो. त्याच्या वाट्याला येतो तो समुद्राचा वरचा चार-पाच मीटरांचा थर. पाण्यात सर्वांत आधी लाल रंग शोषला जातो आणि पाच-सहा मीटरखाली तो जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे त्याहून खोल असलेला प्रवाळ, जवळून कितीही रंगीत असला, तरी वरून पाहणाऱ्याला निळसर राखाडी दिसतो. म्हणूनच डायव्हिंगसाठी नावाजलेले ठिकाण स्नॉर्केलिंगला उपयोगाचे असेलच असे नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे प्रवाळांचे बुडीत पठार आहे. त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. मास्क आणि नळी लावून तिथे उतरलेल्याला गडद निळ्या पाण्यापलीकडे फारसे काही दिसायचे नाही. सहल आखणाऱ्याने कोणत्याही बेटाबद्दल आधी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रवाळ किती खोल आहे, आणि किनाऱ्यापासून किती लांब आहे.

याची उत्तरे बेटाच्या घडणीत असतात. चार्ल्स डार्विनने १८४२च्या आपल्या ग्रंथात प्रवाळभित्तींचे अनुतट, रोधक आणि कंकणाकृती असे तीन प्रकार सांगितले. ही विभागणी आजही कामाची आहे. अंदमानात बहुतेक ठिकाणी भित्ती किनाऱ्यालाच लागून आहे. मॉरिशसभोवती ती थोडे अंतर राखून जवळजवळ पूर्ण वेढा घालते आणि मधे शांत, उथळ लगून राहते. मालदीव आणि लक्षद्वीप ही कंकणे. लक्षद्वीपची बरीच बेटे कंकणाच्या पूर्व कडेवर बसलेली असल्याने त्यांचे लगून पश्चिमेला पसरते आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो. लहान मुलांना घेऊन जायचे तर पश्चिमेच्या लगुनाला पर्याय नाही.

ग्राहकाची निवड मात्र बहुतेक वेळा फोटोवरून होते, आणि घोळ होतो तो तिथेच. ज्या पोपटी-निळ्या पाण्यावर लोक भाळतात, त्याच्या तळाशी पांढरी वाळू असते. प्रवाळाच्या अळीला बसायला टणक पृष्ठभाग लागतो. हलत्या वाळूवर ती तग धरत नाही. खांबांवर उभे असलेले वॉटर व्हिला याच वाळूच्या लगुनात बांधलेले असतात. सर्वांत महागड्या खोलीच्या शिडीवरून पाण्यात उतरलेल्या पाहुण्याला वाळू, एखाददुसरी समुद्रकाकडी आणि खांबांच्या सावलीत घोटाळणारे मासे एवढेच दिसते. प्रवाळ राहतो बोटीच्या अंतरावर.

फोटोपेक्षा उपग्रहाचे चित्र अधिक खरे बोलते, आणि तेही फुकट मिळते. फिकट पट्टा म्हणजे वाळू. तपकिरी, ठिपकेदार पट्टा म्हणजे प्रवाळ, क्वचित समुद्रगवत. जिथे तपकिरी पट्टा अचानक गडद निळ्याला भिडतो तिथे भित्तीची कड असते. मासे सर्वांत जास्त याच कडेला. किनाऱ्यापासून त्या रेषेपर्यंतचे अंतर मोजपट्टीच्या साधनाने काढावे. तीस-चाळीस मीटर असेल तर पाहुणा मनाला येईल तेव्हा, दिवसातून दोनदा पाण्यात उतरू शकतो. पाचशे मीटर असेल तर प्रत्येक खेपेला बोट, गाइड आणि पैसे. मालदीवच्या रिसॉर्टला ‘हाऊस रीफ’ (बेटालगतची भित्ती) आहे का असे विचारले की उत्तर हमखास ‘आहे’ असेच येते. कड बेटाच्या कोणत्या बाजूला आहे, तिथपर्यंत किती मीटर पोहावे लागते, उथळ प्रवाळावरून न घासता बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे विचारले तरच कामाची माहिती हाती लागते.

यानंतर भरती-ओहोटी. मालदीवमध्ये पाण्याचा चढउतार जेमतेम मीटरभर, म्हणून तिकडे वेळेची फारशी फिकीर करावी लागत नाही. तिथे जपायचे ते दोन बेटांमधल्या खाडीतल्या प्रवाहाला. अंदमानात मात्र उधाणाच्या दिवसांत फरक दोन मीटरांच्या घरात जातो आणि ओहोटीला शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नील बेटावर, भित्तीचा सपाट माथा उघडा पडतो. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल पाहायला लोक याच वेळी चालत जातात. खडकपूल आणि स्नॉर्केलिंग एकाच तासात बसवणारा कार्यक्रम कागदावर सुटसुटीत दिसतो; प्रत्यक्षात गुडघाभर पाण्यात फिन्स प्रवाळावर आपटतात, गुडघे खरचटतात आणि अतिशय सावकाश वाढणारे प्रवाळ मोडतात. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब अंदमानात तासांना लागू पडत नाही, पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग हे तिथेही तसेच. निघण्यापूर्वी तिथल्या जवळच्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहिले की पुरते.

हंगामाच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या आयोजकाची खरी अडचण शाळांच्या सुट्ट्यांची आहे. कुटुंबे निघतात मे महिन्यात किंवा दिवाळीत, आणि आपल्या जवळच्या समुद्रांना दोन्ही काळ अडचणीचे. नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिण अंदमानात साधारण २० मेच्या आसपास, केरळच्याही आधी पोहोचतात. लक्षद्वीपचा समुद्र मेच्या मध्यापासून खवळू लागतो. त्यामुळे या दोन्ही ठिकाणच्या सहली मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकाव्यात. मालदीवमध्ये मेपासून पाऊस आणि प्लवकांमुळे गढूळपणा वाढतो, पण त्याच प्लवकांमागे मांटा रे येतात. बा कंकणातल्या हनिफारू उपसागरात मे ते नोव्हेंबर हा त्यांचाच काळ. स्वच्छ पाणी हवे की मांटा, हे ग्राहकाला आधीच विचारून घ्यावे.

मेच्या उत्तरार्धात किंवा जून-जुलैत जायचे असेल तर श्रीलंकेचा पूर्व किनारा चांगला. त्रिंकोमालीजवळचे पिजन आयलंड तेव्हा ऐन हंगामात असते, तर नैर्ऋत्येचे हिक्कडुवा नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. एकाच देशाचे दोन किनारे असे उलटे चालतात, आणि ‘श्रीलंका, बारा महिने’ असे छापणाऱ्या माहितीपत्रकात हे कुठेच नसते. थायलंडचेही तसेच. अंदमान समुद्रातली सिमिलन बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तर थायलंडच्या आखातातल्या को ताओला पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो. मलेशियाची पेरहेन्तियन बेटे मार्च ते ऑक्टोबर चालतात. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोसम असतो आणि अंदमानातल्या बोटींच्या फेऱ्या रद्द होऊ शकतात. त्या दिवसांत मॉरिशस अधिक भरवशाचे. ऑक्टोबरनंतर तिथले व्यापारी वारे मंदावतात, आग्नेयेच्या ब्लू बे सागरी उद्यानात उथळ पाण्यातच प्रवाळ दिसतात, आणि बेटावर मराठी वंशाची वस्तीही आहे.

एवढे सगळे जुळले तरी प्रवाळ जिवंत आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ही हिंदी महासागरातली अशी वाईट वर्षे. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथे केलेल्या दीर्घ पाहणीत १९९८च्या तुलनेत प्रवाळाचे आच्छादन निम्म्याच्या आसपास आलेले आढळले. याचा अर्थ ही बेटे यादीतून काढावीत असा नाही. मासे, कासवे आणि स्वच्छ पाणी तिथे आहेच. दहा वर्षांपूर्वीचा रंगीत फोटो दाखवून सहल विकू नये, एवढेच. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे कोरल रीफ वॉच हे पान पाण्यात साचलेल्या उष्णतेचे रोजचे मान ‘अंश-आठवडे’ या एककात देते. हा आकडा चारच्या वर गेला की पांढरे पडणे सुरू होते, आठच्या वर मोठ्या प्रमाणावर मर होते. बुकिंगपूर्वी ते पाहायला दोन मिनिटे लागतात.

मराठी सहलीत निम्मी माणसे पोहता न येणारी असतात, हे गृहीत धरूनच बेट निवडावे. अंदमानात गाइड हवेच्या रिंगला धरलेल्या दोघा-तिघांना ओढत भित्तीवरून फिरवतो. नवख्यांसाठी ही पद्धत चांगली आहे, कारण त्यांचे पाय तळाला लागत नाहीत. पण ती शांत पाण्यातच चालते, प्रवाहाच्या खाडीत नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा वावर असलेल्या खारफुटीच्या खाड्यांजवळ तर उतरवूच नये. २०१० मध्ये अंदमानच्या तेव्हाच्या हॅवलॉक बेटावर मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक स्नॉर्केलरचा बळी गेला आहे.

नियम ठिकाणागणिक बदलतात. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेडस्किन ही बेटे आळीपाळीने खुली असतात. हनिफारूत डायव्हिंगला बंदी आहे, स्नॉर्केलिंगला नाही. भारतात भित्ती घडवणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही बॅगेत घालता येत नाही. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली, थायलंडच्या सागरी उद्यानांतही अशी सनस्क्रीन वापरता येत नाही. प्रत्येकाला लांब बाह्यांचा रॅशगार्ड दिला की क्रीम बरीच कमी लागते आणि तासभर पालथे तरंगून पाठही भाजत नाही.