आदेश सापडला, उत्तर मात्र चुकले

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा हजार कोटींहून अधिक रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मंजुरी दिली. सरकारी कागदपत्रे स्वतःच धुंडाळून उत्तर देणाऱ्या एजंटांच्या घोषणांना आता तोटा नाही. प्रत्येक घोषणेसोबत ‘अचूकते’ची एक टक्केवारी असते. ती नेमकी कशाची, हे विचारण्याची तसदी मात्र विज्ञानाच्या बातम्या देणारेही घेत नाहीत. माझा आक्षेप त्या टक्केवारीवर आहे.

एक साधा प्रश्न घेऊ. लखनऊच्या निशातगंजमधील विद्या भवनात उत्तर प्रदेशच्या समग्र शिक्षा योजनेचे राज्य प्रकल्प कार्यालय आहे. शिक्षकी पेशाची आस धरलेला तेथील एखादा तरुण एजंटला विचारतो, “मी बी.एड. आहे, पहिली ते पाचवीचा शिक्षक होऊ शकतो का?” एजंट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची २८ जून २०१८ ची अधिसूचना शोधून काढतो. बी.एड.धारक पात्र आहेत, नियुक्तीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा लागेल, असे तो दुव्यासह सांगतो. अधिसूचना खरी आहे, तिचा आशयही बिनचूक आहे. उत्तर मात्र चूक आहे. ती अधिसूचना रद्द ठरवणारा राजस्थान उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी कायम केला. त्यानंतर ८ एप्रिल २०२४ रोजी, आधीच नेमल्या गेलेल्या बी.एड.धारकांना काही अटींवर संरक्षण देणारे स्पष्टीकरणही आले. म्हणजे उत्तरासाठी किमान तीन कागद हवेत. पहिला कागद आपण मृत झाल्याचे स्वतः सांगत नाही! हा नियम देशभर लागू असल्याने पुण्यातल्या उमेदवाराचीही गत तीच.

आता प्रचलित मूल्यमापन पाहा. ‘उत्तर स्रोताशी प्रामाणिक आहे का?’ असे परीक्षक-प्रतिमानाला विचारले, तर येथे पूर्ण गुण मिळतील. शोधाची परीक्षा वेगळी असते. सापडायला हवे होते त्यांपैकी किती कागद सापडले, हा तिचा प्रश्न. या मापाला ‘रिकॉल’ म्हणतात. आपल्या उदाहरणात ते तीनांत एक आहे.

हे मोजायचे टाळले की काय होते, ते १९८५ पासून ठाऊक आहे. ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी एका अमेरिकी खटल्यातील सुमारे चाळीस हजार दस्तऐवजांवरचा संगणकीय शोध तपासला. आवश्यक कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्या हाती आले आहेत, असे वकिलांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी सुमारे २० टक्केच आले होते. जे सापडले त्यातले बहुतेक कामाचे होते, म्हणूनच कोणाला शंका आली नाही. एजंटाबाबत हा धोका वाढतो, कारण शोध कोठे थांबवायचा हेही तोच ठरवतो आणि मग ओघवत्या भाषेत निकाल सांगतो.

याहून गंभीर खोट प्रश्नसंचात असते. संग्रहातला एक उतारा घ्यायचा, भाषा-प्रतिमानाकडून त्यावर प्रश्न लिहून घ्यायचा आणि एजंटाने तोच उतारा शोधला की गुण द्यायचा. प्रश्नात उताऱ्यातलेच शब्द असतात, मग तो सापडणार नाही तर काय? ही परीक्षा नव्हे, पाठांतराचा सोहळा आहे. खरा अर्जदार ‘किमान अर्हता’ असे लिहीत नाही, ‘बी.एड.वर नोकरी लागेल का’ असे विचारतो. शिवाय उतारे ज्यातून घेतले, त्या वाचता येणाऱ्या फायलीच असतात. उत्तरेकडील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे कृतिदेवमध्ये आणि आपल्याकडे श्रीलिपीत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो. पण फाइलच्या पोटात त्याचे संकेत युनिकोडचे नसतात, त्यामुळे शोधयंत्राला निरर्थक अक्षरेच मिळतात. केवळ छायाचित्र म्हणून जतन झालेल्या पानांत तर अक्षरेही नसतात. असे कागद प्रश्नसंचातही येत नाहीत आणि चुकांतही मोजले जात नाहीत.

लाखो कागदांत ‘हवे ते सारे’ कोण ठरवणार, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्याला १९९२ पासूनच्या ‘ट्रेक’ परिषदांनी उत्तर दिले आहे. अनेक शोधप्रणालींचे वरचे निकाल एकत्र करायचे आणि त्या साठ्यावर माणसांनी निवाडा द्यायचा. माप परिपूर्ण नसते, पण तुलनेला पुरते. भारतातही ‘फायर’ या मंचाने २००८ पासून हिंदी, बंगाली आणि मराठीसाठी अशा कसोट्या उभारल्या. ‘शाळा’ शोधताना ‘शाळेत’, ‘शाळांना’ निसटतात, ही मराठीची अडचण तेथील अभ्यासकांना नवी नाही. मग आजच्या घोषणा या परंपरेला वळसा का घालतात? माणसांकडून निवाडा करून घेणे वेळखाऊ असते आणि त्यातून येणारा आकडा देखणा नसतो, एवढेच कारण मला दिसते.

विद्या भवनासारख्या कार्यालयांत कोणता आदेश कोणत्या शुद्धिपत्रकाने बदलला हे तोंडपाठ असलेले जुनेजाणते लिपिक असतात. निवाड्याला तेच बसवावेत. अर्जदारांनी खरोखर विचारलेले शंभर प्रश्न घ्यावेत, अधिक्रमित आदेशाला शून्य गुण द्यावा, आणि तोच प्रश्न पाच वेळा विचारून पाचही निकाल जाहीर करावेत. संचात काही प्रश्न असेही असावेत, ज्यांचे उत्तर संग्रहात नाहीच. तेथे एजंट ‘सापडले नाही’ असे किती वेळा म्हणतो, तो आकडा पहिल्या ओळीत छापावा.