थोडक्या पैशांच्या डावाचा हिशेब

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरातील एका सट्टेबाजाच्या घरावर छापा घातला, तेव्हा कोट्यवधी रुपयांची रोकड आणि किलोच्या मापाने मोजावे लागणारे सोने हाती लागले. गृहस्थ त्यापूर्वीच दुबईला निघून गेल्याचे पोलिसांनी सांगितले. तक्रारदार होता नागपूरचा एक व्यापारी. ऑनलाईन जुगारात आपण ५८ कोटी रुपये गमावले आणि जिंकलो ते जेमतेम ५ कोटी, असे त्याचे म्हणणे होते. आरंभ मात्र अगदी साधा होता. हवाल्यामार्फत ८ लाख रुपये पोहोचते केले, व्हॉट्सअ‍ॅपवर एक दुवा आला, तो उघडताच खात्यात ८ लाख रुपये जमा दिसले आणि विश्वास बसला. कोणाचा अपराध किती, याचा निवाडा न्यायालय करील. आम्हाला या प्रकरणात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पडद्यावर दिसलेला एक आकडा हाच त्या साऱ्या विश्वासाचा एकमेव आधार होता.

तो मोठा व्यापारी, त्याचे डाव मोठे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा गावांतील पन्नास-शंभर रुपये लावणारा तरुण याच पद्धतीच्या आयडीवर खेळतो. पूर्वी कोंबडबाजारावर छापा पडला की खेळणारी माणसे चारचौघांना दिसत. सट्टापट्टी घेणाऱ्याचा कोपरा साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असे. आता खेळ खिशात आला. आई स्वयंपाकघरात असते, वडील शाखेतून किंवा शेतावरून परतलेले असतात आणि त्याच घराच्या ओसरीवर बसलेला मुलगा षटकागणिक पैसे लावीत असतो. त्याच्या मित्रमंडळीत जो प्रश्न चर्चिला जातो तो असा : ‘थोडक्यात खेळायचे तर कोणती आयडी चांगली? कोणाचे पेमेंट वेळेवर मिळते?’

या प्रश्नावर डोळे वटारून भागणार नाही. प्रश्न व्यवहाराचा आहे, तेव्हा उत्तरही व्यवहाराच्याच भाषेत दिले पाहिजे. बँकेत ठेव ठेवताना किंवा किराणा दुकानाशी खाते बांधताना शहाणा माणूस तीन गोष्टी पाहतो. मालक कोण? भाव काय? आणि फसगत झाली तर दाद कोठे मागायची? याच तीन कसोट्यांवर सट्ट्याच्या या दुकानाची पारख करून पाहू.

पहिली कसोटी मालकाची. गोंदियाहून हावडा लोहमार्गाने पूर्वेकडे निघाले की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई लागते. महादेव बुक नावाचे सट्ट्याचे जाळे ज्यांनी उभारल्याचा आरोप आहे, ते याच भिलाईचे. सक्तवसुली संचालनालयाच्या तपासानुसार या जाळ्याचे मुख्य कार्यालय संयुक्त अरब अमिरातीत होते. गावोगावी ‘पॅनेल’ वाटून दिली जात, नफ्याची विभागणी सत्तर-तीस अशी असे आणि पैसा दुसऱ्यांच्या नावाने उघडलेल्या बँक खात्यांतून फिरे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या अ‍ॅपसह अशा २२ अ‍ॅप व संकेतस्थळांवर बंदी घातली. आता शंभर रुपये लावणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. ज्याने आयडी दिली तो गावातला ओळखीचा मुलगा. पैसे गेले ते कोणा तिसऱ्याच्या खात्यात. पॅनेल चालविणारा चौथा आणि मालक समुद्रापार. ज्या दुकानाच्या पाटीवर मालकाचे नाव नाही, ज्याची पावती मिळत नाही, त्या दुकानातून आपण पावशेर डाळही घेणार नाही.

दुसरी कसोटी भावाची. समजा, दोन तुल्यबळ संघांचा सामना आहे. नाणेफेकीइतकीच अनिश्चितता. न्याय्य हिशेब असा की, शंभर रुपये लावणाऱ्याला जिंकल्यावर शंभर रुपये मिळावेत. परंतु बुकीचा भाव दोन्ही बाजूंना नव्वद पैशांचा असतो, म्हणजे शंभरावर नव्वदच मिळतात. दहा डाव खेळले, पाच जिंकले, पाच हरले, तर कमाई साडेचारशे आणि गमावले पाचशे. खेळणारा ना हुशार ठरला, ना मूर्ख, तरी पन्नास रुपये गेले. एकूण लावलेल्या हजार रुपयांवर हा पाच टक्क्यांचा चट्टा आहे. जुन्या मटक्यात एका आकड्याला दहातली एक संधी असून परंपरेने एकाला नऊच मिळत. तत्त्व तेच, तंत्र तेवढे बदलले.

पाच टक्के म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. खरी मेख पुढे आहे. मटक्याचा आकडा दिवसातून एक-दोनदा निघे. मोबाईलवरील सट्टा थांबतच नाही. ट्वेंटी-२० सामन्यात चाळीस षटके असतात आणि प्रत्येक षटकावर, प्रत्येक चेंडूवर लगवाडी-खयवाडी चालू असते. खिशात पाचशेच रुपये असलेल्या मुलाने षटकाला शंभर रुपये फिरविले, तर त्या एका सायंकाळी त्याची उलाढाल चार हजारांची होते. त्याचे पाच टक्के म्हणजे दोनशे. पाचशेतील दोनशे रुपये सरासरीने एका सामन्यात गेले. कधी तो जिंकेल, कधी जास्त हरेल, पण हिशेबाचा कल हाच राहणार. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामात ७४ सामने होते. प्रत्येक सामन्याला हा क्रम ठेवणाऱ्याची सरासरी तूट १४ हजार ८०० रुपये भरते.

हा आकडा आमच्या वाचकांनी धानाच्या भाषेत वाचावा. २०२३ च्या नागपूर हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर राशी म्हणून जाहीर केले होते. गोंदियातील शेतकरी कुटुंबाने त्यासाठी सातबारा काढला, केंद्रावर नोंदणी केली, रांगा लावल्या. ज्या बँक खात्यात अशी रक्कम येते, तेच खाते घरातील मुलाच्या मोबाईलला जोडलेले असते. हेक्टरभर चिखलणी, रोवणी आणि कापणीच्या बळावर आलेल्या रकमेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एका हंगामात ‘थोडक्यात खेळून’ जाऊ शकतो. थोडका डाव कमी धोक्याचा, हा समज येथेच ढासळतो. धोका डावाच्या आकारावर अवलंबून नसतो, तो किती वेळा फिरविला यावर असतो. आणि बुकीला मोठ्या खेळाडूपेक्षा असे हजारो छोटे खेळाडूच अधिक प्रिय असतात. ते भावाची घासाघीस करीत नाहीत आणि पैसे बुडाले तरी लाजेपायी बोलत नाहीत.

तिसरी कसोटी दाद मागण्याची. आपण बँकेत ठेव ठेवली आणि दुर्दैवाने बँक बुडाली, तर फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. सट्ट्याच्या आयडीत दिसणाऱ्या रकमेला एका रुपयाचेही संरक्षण नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० अन्वये पैजेचा करार निरर्थक आहे आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा दाखल करता येत नाही. म्हणजे जिंकूनही पैसे मिळाले नाहीत, तर न्यायालयाचे दार बंद. पैसे काढायला गेल्यावर ‘आणखी थोडे भरा, मग सुटतील’ असे उत्तर मिळाले, तर तक्रार कोणाकडे करणार? आयडी देणाऱ्याकडे?

यावर काही विद्वान ब्रिटनचे उदाहरण देतात. तेथे सट्ट्याच्या दुकानांना परवाना आहे, नियामक आयोग आहे, तसे येथे करा, असा त्यांचा आग्रह. उदाहरण पूर्ण सांगावे. ब्रिटनने २००५ च्या कायद्याने जुगाराचे करार न्यायालयात ग्राह्य ठरविले हे खरे. पण त्याच ब्रिटनला एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी घालावी लागली, हेही खरे. बलाढ्य नियामक असलेल्या देशालाही कर्ज काढून खेळणाऱ्यांना आवरणे कठीण गेले. आणि परवाना मिळाल्याने भावातील तो पाच टक्क्यांचा चट्टा नाहीसा होत नाही. दुकान प्रामाणिक झाले तरी गिऱ्हाईक सरासरीने हरतेच.

आपल्या परंपरेने या विषयाकडे भाबडेपणाने पाहिलेले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड व्हावा, फासे त्यानेच पुरवावेत आणि कपट करणाऱ्यास शिक्षा व्हावी, अशी ती व्यवस्था. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच भाग तो घेई. आजचा बुकी जिंकणाऱ्याच्या हक्काच्या शंभरातून दहा ठेवून घेतो आणि फासे खरे की खोटे, हे तपासणारा कोणीच नाही. एवढे करूनही कौटिल्याने द्यूताची गणना व्यसनांतच केली. उघड्यावर आणून लक्ष ठेवावे असे दुखणे, हीच त्याची दृष्टी होती. आजच्या परदेशस्थ अ‍ॅपमध्ये लक्ष ठेवणे तर दूरच, दुखणे दिसतही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगविषयी कायदा संमत केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत वा नशिबाचे, पुरविणे हा त्याने गुन्हा ठरविला. पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे आणि ५० लाखांपर्यंतची तरतूद. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, त्याला पीडित मानले आहे. अशा खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला. कायदा होताच भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरील ड्रीम इलेव्हनचे नाव उतरले आणि देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. या पावलाचे आम्ही स्वागतच करतो. आणि यातून आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही निघते. कायदा मानणाऱ्यांनी दुकाने मिटविली. आज जी आयडी हाती ठेवली जाते, ती कायदा न मानणाऱ्याचीच. त्यांच्यातून ‘चांगली’ निवडायची म्हणजे काय? जो कायद्याला फसवितो तो आपल्याला फसविणार नाही, अशी आशा बाळगणे, एवढाच तिचा अर्थ.

आणखी एक धोका गावागावांत हळूहळू पसरतो आहे. ‘तुझे बँक खाते दे, महिन्याला काही हजार मिळतील’ असे सांगून सट्ट्याच्या पैशासाठी खाती भाड्याने घेतली जातात. खेळून हरलेल्या मुलाला हा मार्ग सोपा वाटतो. पण त्या खात्यातून लाखो रुपये फिरले की पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या. मालक दुबईत असतो, आरोपी गोंदियात. पासबुक, सिमकार्ड आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय, हे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.

सरकारलाही चार शब्द ऐकविणे आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालते. नशिबाचे तिकीट स्वतः विकणाऱ्या शासनाचा जुगारावरील उपदेश तरुणांच्या गळी उतरणे कठीण जाते. शिवाय संसदेचा कायदा कितीही कठोर असला, तरी तो राबविणारा शेवटी तालुक्याचा पोलीस असतो. छोट्या खेळणाऱ्याला पकडून कारवाईचा आकडा फुगविण्यापेक्षा पॅनेल चालविणारे आणि खाती भाड्याने गोळा करणारे हाती लागले, तरच कायद्याला अर्थ येईल.

परंतु सारे शासनावर सोपवून स्वस्थ बसणे हा संघविचाराच्या कार्यकर्त्याचा स्वभाव नाही. संघाच्या शताब्दीनिमित्त जे पंच परिवर्तन समाजापुढे ठेवले गेले, त्यात कुटुंब प्रबोधन आहे. ते आठवड्यातून एकदा एकत्र भोजन करण्यापुरते उरू नये. त्या पंक्तीत घराच्या जमाखर्चाचीही चर्चा व्हावी. बँकेचा संदेश कोणाच्या मोबाईलवर येतो, हे घरातील आईलाही ठाऊक असावे. हरलेल्या मुलाला सांगता येईल अशी जागा घरात असावी, कारण लपविलेला पहिला तोटाच दुसऱ्या डावाला जन्म देतो. शाखेतील शिक्षकाने वर दिलेला दहा डावांचा हिशेब मुलांकडून पाटीवर करून घ्यावा. प्रवचनापेक्षा ते पन्नास रुपये अधिक बोलतील. आणि मैदाने पुन्हा गजबजली पाहिजेत. स्वतः कबड्डीत घाम गाळणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या चेंडूवर पैसे लावण्याची ओढ तितकीशी उरत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४ वे सूक्त अक्षसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. घर, पत्नी आणि पत गमावलेल्या जुगाऱ्याची ती व्यथा आहे, आणि तिच्यात त्याला फासे टाकून शेती कसण्याचा सल्ला मिळतो. हजारो वर्षांनंतरही तो सल्ला धानाच्या या जिल्ह्याला परका वाटू नये. बांधीत टाकलेल्या बियाण्याला पावसाचा धोका असतो, कीडरोगाचा असतो, भावाचाही असतो. पण त्या शेतीचा सातबारा आपल्या नावावर असतो. सट्ट्याच्या आयडीत आपल्या नावावर असते ती फक्त तूट.