दीडशे मर्सिडीज आणि आपली डिग्री

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज आल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. उद्योजक, व्यावसायिक मंडळींनी गट करून केलेली ही खरेदी होती आणि हेतू कुणी लपवलाही नव्हता. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आठवतो ना, मग आता हे बघा! देशभर बातमी झाली. त्याच वर्षाअखेरीस पत्रकार पी. साईनाथ यांनी दुसरी बाजू मांडली. या खरेदीतल्या मोठ्या रकमेसाठी सरकारी बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं होतं. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्याहून कितीतरी जास्त व्याज पडत होतं.

पैसा नुसत्या आजवर चालत नाही, उद्याच्या अंदाजावर चालतो. आणि एखाद्या भागाचा उद्या कसा असेल, हे बहुतेक लोक त्या भागाबद्दल ऐकलेल्या गोष्टीवरूनच ठरवतात. कंपनी म्हणते, तिकडे चांगली मुलं मिळत नाहीत. मुलं म्हणतात, इकडे कंपन्या नाहीत, चला पुण्याला. दोघंही आपापल्या परीनं शहाणपणानंच वागतात, आणि दोघांचंही भाकीत खरं ठरतं. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्येच हे चक्र मांडलं होतं: पुढे गेलेला भाग माणसं आणि भांडवल ओढत राहतो, मागचा आणखी मागे पडतो.

मग नुसती गोष्ट बदलली की झालं का? नाही. पुणं एकेकाळी पेन्शनरांचं शहर म्हणून ओळखलं जायचं. ती ओळख कुठल्या घोषवाक्यानं पुसली नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. कारखाने आधी, कौतुक नंतर. वाळूजलाही तेच घडलं. १९८५ मध्ये बजाजचा प्रकल्प सुरू झाला आणि भोवती सुटे भाग बनवणारी वर्कशॉप्स उभी राहिली. ऑर्डर येणार ही खात्री असेल तर माणूस कर्ज काढून लेथ मशीन घेतो. मर्सिडीज बघून कुणी घेत नाही.

आपल्याकडे याच्या उलटीही एक गोष्ट आहे: अनुशेष. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं विभागवार अनुशेष मोजला, ते आवश्यकच होतं. निधी मागायचा तर कमतरता दाखवावीच लागते. पण विधानसभेत कामाला येणारा हा शब्द चाळीस वर्षांत आमची ओळख होऊन बसला. 'मराठवाड्याची आहेस का? अरेरे!' हा सूर हॉस्टेलमध्येही ऐकू येतो.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं संभाजीनगरात सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. अशा घोषणेवर सगळ्यात आधी विश्वास ठेवतो तो प्लॉटवाला. जमिनीचे भाव चढायला कारखान्याची गरज लागत नाही, बातमी पुरते. कारखाना येईपर्यंत पैसे करून तो मोकळा! अडकतो तो विद्यार्थी, कारण त्याची गुंतवणूक चार वर्षांची असते आणि ती विकून बाहेर पडता येत नाही.

त्या जुलैत बारावी करून इंजिनीअरिंगला गेलेली मुलं २०२८ मध्ये बाहेर पडतील. त्यांच्यासाठी 'हजारो रोजगार' हा आकडा बिनकामाचा आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी, किती माणसं लागतील आणि त्यांना काय यायला हवं, हे सरकार आणि कंपन्यांनी करारासोबतच जाहीर करावं. दरवर्षी त्याचा हिशेबही द्यावा. म्हणजे तिथल्या आयटीआयला आणि कॉलेजांना अभ्यासक्रम वेळेत बदलता येतील, आणि तिसऱ्या वर्षातल्या पोरीला पुण्यात कॉट बुक करायची की थांबायचं, हे माहितीवर ठरवता येईल.